परातीभोवतीची जागा

१२ मे, सोमवार
आजही वेगळी थाळी. अंगणात चटईवर मासेभाताची परात, भोवती सगळं घर, आणि मी दाराशी स्टुलावर — निरोप सांगायला आलेली कुणी परकी बाई जशी. वन्सं म्हणाल्या, "तुझ्या भातात मीठ नाही गं ऊमी. डॉक्टरांनीच सांगितलंय ना?"

सांगितलंय, खरं आहे. पण गेल्या वर्षी डायलिसिस सुरू झालं तेव्हाही सांगितलंच होतं की! तेव्हा तबारा वन्संनी सगळ्यांच्याच भातातलं मीठ कमी केलं होतं.

परातीतला मासा वन्संच मोडतात. काटे काढून एकेकाच्या पुढ्यात तुकडा सरकवतात. माझा नवरा मख्तार होडी घेऊन गेला तो आलाच नाही, तेव्हापासून मऊ तुकडा आधी माझ्याकडे यायचा. भावाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण तुकडा यायचा. मला मासा नकोय. ती बोटं माझ्याकडे वळायला हवीत.

१५ मे, गुरुवार
चार तास यंत्रावर. घरी आल्यावर खाज. फणीनं पाठ खाजवली, दंड सोलून निघाले. जेवले नाही.

१८ मे
धाकटी जाऊ किने माझा पेला घासत होती. आधी वाळूनं, मग राखेनं, मग पुन्हा वाळूनं.
"एवढं काय घासतेस?"
"चकचकीत दिसू दे की, ताई."
तिचा स्वतःचा पेला तसाच चिकट पडला होता. म्हणजे मिठाचं नुसतं निमित्त. माझ्या कातडीची भीती वाटते ह्यांना.

थाळी कोंबड्यांना घातली. त्या बिचाऱ्यांनाही अळणी आवडलं नाही.

२२ मे, गुरुवार
डॉक्टर सेक रागावले. रक्तातलं प्रथिन घसरलंय. "जेवता की नुसतं ताटाकडे बघता? मासा हवा, अंडं हवं. नाहीतर यंत्र चालू राहील आणि तुम्ही उपासमारीनं जाल."

म्हटलं, एकटीला घास उतरत नाही. दंडही दाखवले. म्हणाले, कातडीचा दोष नाही. मूत्रपिंडं बिघडली की नसांची टोकं चाळवतात, त्यांतून बारीक निरोप्ये सुटतात आणि खाज, खाज करत हाकाटी पिटतात. त्यांचं नाव न्यूरोपेप्टाइड. माझी जीभ काही वळेना.

"दुसऱ्याला लागतं?"
"छे. कुणालाही नाही."
नसा शांत करायची गोळी दिलीय, यंत्रावरून उतरल्यावर घ्यायची. मी ते 'कुणालाही नाही' वाटेत सारखं घोकत आले.

२९ मे
झोपले! सलग, सकाळपर्यंत.

३० मे, शुक्रवार
नमाज झाल्यावर सगळे परातीशी बसले, तेव्हा उभ्यानंच सांगून टाकलं — हे कुणाला लागत नाही, डॉक्टरांना विचारून या. किने ओशाळली. सरकून जागा केली. "बसा ना, ताई."

मी बसणार तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "नको. थाळीच बरी." त्यांचा चेहरा उतरला होता. हातातला मासा तसाच टाकून आत गेल्या.

म्हणजे वन्संच. किनेनं हाकललं असतं तर चांगली भांडले असते. ह्यांच्याशी कशी भांडू? मला ह्याच हव्या आहेत. इतकं रडू मख्तारच्या वेळीही आलं नव्हतं.

१ जून, रविवार
वन्सं खोलीत आल्या, दार लावून घेतलं. कमरेचं वस्त्र गुडघ्यापर्यंत उचललं. पोटऱ्या खाजवून रक्ताळलेल्या.

"थाळी वेगळी केली, त्याच्या आधीपासून आहे. वाटलं, तुझं मला लागलं. घरात बोलले असते तर किनेच्या नवऱ्यानं तुला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं. म्हणून मिठाचं नाव पुढे केलं." मग हळूच म्हणाल्या, "पण लागत नाही म्हणतेस. मग मला हे कशानं गं?"

मी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना. माझंही इथूनच सुरू झालं होतं.

उद्या डॉक्टरांकडे त्यांना बरोबर नेते आहे.