बंद खिडकीचं कॅबिनेट

अप्पा, मी एक मशीन बांधलंय. तयार आणलेलं नाही. एकेक भाग निवडला, वेगवेगळ्या दिवशी घरी आणला, वरच्या खोलीतल्या टेबलावर मांडला आणि स्क्रू पिळून सगळं उभं केलं. कॉम्प्युटर आहे. तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात तो नव्हता, आणि बँकेत पाहिलेला तुम्हाला फारसा आवडला नव्हता, कारण त्यात हलताना काहीच दिसत नाही असं तुमचं म्हणणं. या माझ्या मशीनला एका बाजूनं काच आहे, आतले पंखे फिरताना दिसतात. तुम्ही नक्की खुर्ची ओढून बसला असतात. आपण घरात तेलुगू बोलायचो, कारखान्यात मराठी. पण मला लिहिता येतं ते मराठीतच, आणि मराठी वाचताना तुमचे ओठ हलायचे. म्हणून वाक्यं सोपी ठेवते. ही सवय कॉलेजात मुलांना शिकवून लागली की तुमच्यामुळे, हे मला अजून ठरवता येत नाही.

दादाला सुरुवातीपासून हे पटलेलं नव्हतं. घरामागच्या कारखान्यातले आपले यंत्रमाग तोच चालवतो, त्यामुळे मशीन म्हटलं की शेवटचा शब्द आपला, असं त्याला वाटतं. मी पहिलं खोकं घेऊन जिना चढत होते तर खालून म्हणाला, "तयार मिळतंय की बाजारात. एवढी खोकी आणायलीस, वर दुकान टाकायलीस का काय?" मी म्हटलं, मला निवडायचंय. "काय निवडतीस? सगळे डबेच की ते." या डबेच शब्दाचा मला राग आला आणि मी बोलून बसले की मी स्वतः निवडून, स्वतः बांधून चालू करून दाखवते. नाही जमलं तर सगळं उचलून दुकानात देते, त्यांच्याकडून बांधून घेते आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाही. दादा फक्त "बघू की" म्हणाला. तुम्हाला त्याचं "बघू की" माहीत आहे. ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं.

निवडणं मी तुमच्याकडे पाहत शिकले, असं मला वाटतं. एका गाठीखेरीज तुम्ही कधीही मला बसवून काही शिकवलं नाहीत, त्यामुळे हे माझं मीच नंतर रचलेलं असेल अशी शंका येते. पण एक दिवस मला स्वच्छ आठवतो. बंद पडलेल्या गिरणीचं भंगार विकायला निघालंय, आणि तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथं नेलंय. लोखंडी दातेरी चाकांचा ढीग आहे. तुम्ही एक चाक उचलता, अंगठा दात्यांवरून फिरवता आणि परत ठेवता. दुसरं उचलता, परत ठेवता. मला एक चकचकीत, जवळजवळ नवं चाक दिसतं आणि मी ते दोन्ही हातांनी ओढून काढते. तुम्ही बघता आणि म्हणता, "चांगलं हाय. पर आपल्या चाकाला लागनार न्हाय." मग तुम्ही एक गंजकं, कुरूप चाक घेता आणि घरी येऊन रॉकेलनं पुसून बसवता. पुढं तो माग कित्येक वर्षं चालला. प्रोसेसर निवडताना मला ते चकचकीत चाक आठवलं. जो सगळ्यात वेगवान होता तो माझ्या मदरबोर्डवर बसतच नव्हता, त्याचे पाय वेगळे. मी तो परत ठेवला आणि मला फार बरं वाटलं.

सगळ्यात आधी मात्र मी एसएमपीएस घेतला. बाहेरून येणारी वीज आतल्या सगळ्या भागांना वाटून देणारा डबा. लोक आधी ग्राफिक्स कार्ड बघतात, कारण पडद्यावरची चित्रं त्याच्या जोरावर पळतात, आणि उरलेल्या पैशात मिळेल तो एसएमपीएस घेतात. आपल्या घरात तसं करून चालणार नव्हतं. खाली दादा माग सुरू करतो त्या क्षणी माझ्या खोलीतली ट्यूब अजूनही एकदा डोळा मिटते. तुम्हीसुद्धा माग जुना घेतलात तरी मोटर कायम नवी घ्यायचात. दुकानदार पंचविशीतला, हुशार पोरगा. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पहिल्याच गिऱ्हाईक, ज्यांनी हे आधी विचारलं. मुलासाठी बांधायलाव का?" मला मुलगा नाही, मुलगी नाही, मी लग्न केलं नाही, हे सगळं त्याला सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, कॉलेजच्या कामासाठी. त्यानं माझ्या हातातल्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्याकडे पाहिलं. "कॉलेजच्या कामाला हे?" "आमच्याकडे चित्रं मोठी असतात," मी म्हटलं. मी अर्थशास्त्र शिकवते. तो हसला नाही, हे त्याच्या धंद्याचं कौशल्य.

मग कॅबिनेटची वेळ आली. कॅबिनेट म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात ती बाहेरची पेटी. त्याच्याकडे दोन होती. एकाचं तोंड पूर्ण जाळीचं, दुसऱ्याचं सपाट, बंद, काळ्या पत्र्याचं. तो म्हणाला, "जाळीचं घ्या. सोलापूरचा उन्हाळा हाय, आत हवा गेली पायजे." मी म्हटलं, आमच्या घराला लागून माग आहेत, हवेत सुताचा कापूस उडतो, जाळीतून तो सगळा आत जाईल आणि पंख्यांना गुंडाळला जाईल. "ते पुसायचं की अधनंमधनं," तो म्हणाला. पण मी ऐकलं नाही. बंद कॅबिनेट घेतलं. घरी येऊन मागच्या बाजूला ज्या फटी होत्या त्यांच्यावरही आतून चिकटपट्टी लावली. ते करताना मला अजिबात शंका आली नाही, आणि मला तर आमटीत मीठ घातलं की नाही याचीही शंका येते.

आता त्या दुपारविषयी लिहायला हवं. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले आहे, मे महिना. तुम्हाला चहा द्यायला कारखान्यात येते. जमिनीवर तुम्ही नुकतंच पाणी मारलंय, खिडक्या बंद, फटींमध्ये चिंध्या कोंबलेल्या. वाफेच्या भांड्यात शिरल्यासारखं वाटतं. दिव्याच्या उजेडात कापूस तरंगतोय आणि तुम्ही मागापाशी उभे राहून खोकताय. थांबता, पुन्हा खोकता. मी कप खाली ठेवते आणि सरळ जाऊन खिडकी उघडते. बाहेरचा कोरडा वारा आत येतो आणि थोड्याच वेळात मागावर ताणलेलं सूत टपटप तुटायला लागतं. तुम्ही माग बंद करता, खिडकी लावता, चिंधी परत कोंबता. ओरडत नाही. म्हणता, "मानसाला घाम आला तर पुसता येतो. सूत तुटलं तर कापडात दिसतं." मग मला जवळ बोलावता. "तू तोडलंस की. बांध आता." त्या दुपारी तुम्ही मला गाठ शिकवलीत, ती बारीक, चपटी, कापडात न दिसणारी गाठ. संध्याकाळपर्यंत मी आणि तुम्ही एकमेकांसमोर वाकून तुटलेली टोकं बांधत होतो. चहा तसाच गार झाला. मला सूत तोडल्याचं दुःख होतं आणि तुम्ही शिकवल्याचा आनंद होता, आणि कुठलं जास्त होतं ते मी त्या दिवशीच्या डायरीतही लिहू शकले नाही.

मशीन मी मागाच्या सुट्टीच्या दिवशी बांधलं. कारखाना शांत होता. आतल्या वायरी एकत्र बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या मी वापरल्या नाहीत. दादाच्या बॉबिनमधून सूत घेतलं आणि तुमच्या गाठीनं बांधल्या. बोटांना ती आठवत होती. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला. मी खाली जाऊन दादाला काही सांगितलं नाही. तो स्वतः वर येऊन बघून गेला आणि "चालू झालं की" एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला दहावीच्या निकालाइतका आनंद झाला.

पण मशीन चालू होणं वेगळं आणि चालणं वेगळं. हलकं काम द्यावं तोवर ठीक. जरा जोर लागला की पंखे ओरडायला लागायचे, पडद्यावरचं चित्र अडखळायचं आणि काही वेळानं सगळं आपोआप बंद. आधी वाटलं, ग्राफिक्स कार्ड खराब निघालं. मग वाटलं, एसएमपीएस कमी पडतोय. मग अर्थातच वाटलं की मीच कमी पडतेय. सगळं उघडलं, प्रत्येक भाग काढून परत बसवला. उघडं असताना छान चालायचं. झाकण लावलं की पुन्हा तेच. हे लिहिताना कारण किती उघड दिसतंय, आणि तरी पूर्ण आठवडा मला ते दिसलं नाही. दादाला दिलेला शब्द डोक्यात होता. एका संध्याकाळी मी भागांची रिकामी खोकी शोधून काढायला सुरुवातही केली.

दादा चहाचा कप घेऊन वर आला होता. "काय करायलीस?" "दुकानात देते. जमलं नाही मला." त्यानं नुकत्याच बंद पडलेल्या कॅबिनेटवर हात ठेवला आणि झटक्यात काढला. "ताप आलाय की याला." मग वाकून पुढचा बंद पत्रा बघितला, मागच्या चिकटपट्ट्या बघितल्या, आणि हसायला लागला. इतका, की कप टेबलावर ठेवावा लागला. "आगं, अप्पांचा कारखाना बांधलीस की तू. चिंध्या तेवढ्या ऱ्हायल्यात."

मी म्हटलं, कापूस जाईल ना आत. "जाऊ दे की. झाडून काढायचा." मग म्हणाला, "मी खिडक्या उघडल्या तेव्हा तू महिनाभर धड बोलली न्हाईस माझ्याशी." ते खरं आहे. तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यानं फटींतल्या चिंध्या काढून टाकल्या, भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. मला वाटलं होतं, यानं तुम्हाला घरातून काढलं. मी विचारलं, सूत तुटत नाही का? "तुटतंय की. जास्तच तुटतंय. बसून बांधतो. अप्पा खिडकी लावायचे न् खोकायचे, मी उघडतो न् गाठी मारतो. माझं कापड जरा कमी निघतंय, तेवढंच." आणि खाली गेला. कप तिथंच विसरला.

अप्पा, तुम्ही चुकलात असं मी कधी म्हटलं नाही. तुमच्या छातीत काय साठलं होतं ते डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरून दाखवलं, तेव्हाही नाही. आता म्हणते. मोटर नवी घ्यायची हे तुमचं बरोबर होतं, शेजारच्या चाकाला लागेल तेच चाक घ्यायचं हेही बरोबर होतं, आणि खिडकीचं चूक होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की तुमचं सगळं एकत्रच घ्यावं लागेल, नाहीतर सगळं टाकावं लागेल. मी एवढे भाग निवडले आणि तुमच्यातलं काय घ्यायचं ते कधी निवडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी चिकटपट्ट्या ओढून काढल्या, पुढचा पत्रा उतरवला आणि त्या जागी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणून बसवला, बांधला अर्थातच तुमच्या गाठीनं. दर आठवड्याला जाळी काढून धुते. तिच्यावर कापसाचा पातळ पापुद्रा जमतो, टॉवेलसारखा. मशीन पुन्हा एकदाही बंद पडलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. गड्ड्याच्या जत्रेतून तुम्ही आम्हा दोघांसाठी तो हातात धरायचा खेळ आणला होतात, वरून विटा पडायच्या आणि त्या जागच्या जागी बसवायच्या. आम्हाला तो फार थोडा मिळाला. संध्याकाळी माग थांबला की तुम्ही कारखान्याच्या उंबऱ्यावर बसायचात, आतून टिकटिक ऐकू यायची. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं की तुम्ही न दचकता सांगायचात, "सेल चालतात का बघतोय." कित्येक महिने तुम्ही सेल बघत होतात. आईनं कधी अडवलं नाही.

हे पत्र मी कॅबिनेटच्या रिकाम्या खोक्यात ठेवणार आहे, थर्माकोलच्या खाली. दुकानदाराला मी कॉलेजचं काम सांगितलं, दादाला पेपर तपासणं. आता संध्याकाळ आहे, खाली माग नुकताच थांबलाय. पडद्यावर मी एका डोंगराच्या घाटातून गाडी पळवतेय, या वळणावर कालपासून तीनदा खाली पडलेय, आणि मध्ये मध्ये थांबून तुम्हाला लिहितेय. आत्ताच दादानं जिन्यातून विचारलं, "काय करायलीस गं?" मी म्हटलं, "पंखे चालतात का बघतेय."

पंखे केव्हाचे नीट चालतायत, अप्पा.