हाडोळ्यावरची धावपट्टी

८ नोव्हेंबर १९७२

सकाळी दहाला गिधाड विमानाला लागलं. मी लिंबाखाली वर्तमानपत्र वाचत होतो. ओल्या गोणीवर दांडकं बसावं तसा आवाज. पिवळं विमान एका अंगाला कललं, सावरलं, उतरलं. धावत गेलो. या वयात धावलो हेच विशेष.

उजव्या पंखाच्या कडेला कलिंगड मावेल एवढा खड्डा, त्यात पिसं. वैमानिक डिसोझा पंखाखाली उकिडवा बसून सिगारेट ओढत होता. मुंबईच्या कंपनीचं भाड्याचं विमान, कारखान्याच्या उसावर औषध फवारायला आलेलं. माणूस गोव्याचा, मराठी मुंबईची.

"मास्टर, हे पक्षी इथे नेहमी असतात की आत्ताच आलेत?"

म्हटलं, "दुष्काळ आहे."

हे उत्तर नव्हतं.

११ नोव्हें.

लिहून ठेवतो. निदान वहीशी तरी खोटं नको.

ती जमीन हाडोळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावची मेलेली ढोरं आमच्या लोकांनी तिथे ओढत नेली, तिथेच सोलली. म्हणून तिथे कुणी नांगर घातला नाही, म्हणून ती सपाट राहिली. कारखान्याच्या इंजिनियरला सपाट जमीन हवी होती. त्याने विचारलं, ही पडीक का? गाव म्हणालं, माळ आहे, उगाच पडलाय. हाडोळा म्हणायची सभ्य माणसांना लाज.

आणि मला? उद्‌घाटनाला व्यासपीठावर मी होतो. आदल्या दिवशी भाषणात तो शब्द तीनदा लिहिला, तीनदा खोडला. म्हणालो, "या उपेक्षित माळावरून उद्या माणूस आकाशात झेपावेल." टाळ्या. मोर्चात कलेक्टरच्या तोंडावर बोलणारा मी, एका शब्दाला लाजलो. लहानपणापासून गिधाडं तिथेच उतरताना पाहिली आहेत. तिथे ढोर पडलं की ती येणारच, हे मला माहीत होतं. त्या साहेबांना नव्हतं.

१४ नोव्हें.

कारखान्यातून बोलावणं. शेतकी अधिकारी नम्र. चहा आला, कपही चांगला. मग मुद्दा. उसाच्या वाढ्याच्या चाऱ्यासाठी कोरड्या भागातली जनावरं इथल्या छावणीत आणलीत, त्यातली रोज काही मरतात. हाडांचा ठेकेदार दुष्काळ पडल्यापासून फिरकत नाही. त्याला आता सगळीकडे हाडंच हाडं. तेव्हा छावणीवाले मेलेलं जनावर गाडीवर कसंबसं लोटून धावपट्टीच्या टोकाला टाकून येतात, आणि गिधाडं जमतात.

"तुमच्या वस्तीतले दहा गडी द्या, मास्तर. ओढ्यापलीकडे खड्ड्यात पुरायचं. दुष्काळी कामात हजेरी लावू."

उठून उभा राहिलो. खुर्चीत बसून मला बोलता येत नाही. म्हणालो, "विमान परदेशातून येतं, औषध मुंबईतून येतं, चालवणारा गोव्यातून येतो. मग ढोर ओढणारा तेवढा आमच्याच वस्तीतून का यावा? दीक्षा घेतली त्या वर्षी या वस्तीने शपथ घेतलीय. गावाने सहा महिने आमचं दळण बंद केलं तरी ती मोडली नाही. तुमच्या हजेरीने मोडेल?"

दारात कारकून जमले होते. आवाज खणखणीत लागला. परतताना कालव्यावरून एकटाच चालत होतो तेव्हा लक्षात आलं, डिसोझाचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

१७ नोव्हें.

विहारात बैठक. मी विषय मांडला, नकाराचा ठराव वाचला. हात वर झाले, पण पूर्वीसारखे नाहीत. कोपरापर्यंतच.

किसन उभा राहिला. शपथ घेतली तेव्हा माझ्या शेजारी होता, मिसरूड फुटलेलं. आता घरात पाच तोंडं.

"मास्तर, तुमाला पेन्शन हाय. आमाला खडी फोडायचं काम बी आठ दिस मिळतं, आठ दिस न्हाई. ढोर वढलं तर काय आपन परत पयल्यावानी हुतो का?"

"होतो," म्हणालो. "लगेच नाही. आज हजेरीवर ओढाल, उद्या हक्काने ओढायला लावतील."

तो खाली बसला. पटून नव्हे, दमून.

यमुना असती तर घरी आल्यावर एवढंच म्हणाली असती, "लांबलं." मी भाषण पाठ करायचो आणि ती भाकरी थापता थापता म्हणायची. ती जाऊन दोन वर्षं झाली, कुणी लांबलं म्हणत नाही. त्यामुळे खरंच लांबतं.

२० नोव्हें.

कारखान्याने ट्रॅक्टर पाठवला. आता तरी ढोरं हलतील म्हणून बघायला गेलो. तासभर इंजिन चालू, ट्रॅक्टर जागच्या जागी. ओढायला यंत्र तयार आहे, पण ढोराच्या पायाला दोर कुणी बांधायचा? ड्रायव्हर म्हणे, मी ड्रायव्हर आहे. मुकादम म्हणे, मी मुकादम. छावणीतले शेतकरी लांब उभे, नाकाला पंचे.

पाथर्डीकडचा एक म्हातारा बांधावर बसून रडत होता. पडलेला बैल त्याचाच.

मी म्हणालो, "बाबा, बैल तुमचा. तुम्ही बांधा की."

"जित्ता हुता तवर या हातानं चारला, मास्तर. आता हात लावला तर भावकी वाळीत टाकंल. पोरीचं लगीन हाय माज्या."

उत्तरं पुष्कळ होती. एकही त्याच्यासमोर काढवेना.

ट्रॅक्टर परत गेला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही घरी आलो.

२३ नोव्हें.

पंख दुरुस्त झाला. डि. परवापासून उडणार. मी एक तोड काढली आहे. मेलेल्याला हात लावायचा नाही ही शपथ. जिवंत गिधाडं हाकलू नयेत असं शपथेत कुठे आहे? सकाळी पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन पट्टीच्या टोकाला जायचं.

२६ नोव्हें.

दोन दिवस हाकलतो आहे. राहिलेलं भरून काढायला फवारणी दुपारपर्यंत लांबते, म्हणून मी नऊ ते बारा. ऊन तापलं की ती वरून एकेक करून उतरतात. डबा वाजवला की पुढे सरतात, थांबलो की मागे येतात. मग आवाज दिला. घशातून निघालं ते थेट जुन्या मोर्चातलं, "बंधूंनो!" सवय. साठ-सत्तर गिधाडं माना वर करून बघत राहिली. इतकी शांत सभा गेल्या दहा वर्षांत मिळाली नव्हती.

शेजारची हौसाबाई वाटीत कोरड्यास घेऊन आली. रोज आणते, रोज टोचते.

"गिधाडांची सभा भरवली म्हनं मास्तर. टाळ्या पडल्या का?"

"उठून गेली."

"मंग आमच्यापरीस श्यानी हायेत."

२९ नोव्हें.

डि. संध्याकाळी घरी आला. खुर्ची एकच, तो पेटीवर बसला. पुस्तकं चाळली, म्हणाला एवढी वाचून माणूस गप्प व्हायला हवा, तुम्ही उलट बोलता. हसलो. घरात हसल्याचा आवाज मोठा वाटला.

त्याची आई म्हापशाला. दर रविवारी तिला पत्र लिहितो आणि त्यात गिधाडाचं काही लिहीत नाही. विचारलं, भीती वाटते? म्हणाला, "वर गेल्यावर नाही. चढताना. टाकी भरलेली, विमान जड, समोर पक्षी आला तर वळता येत नाही."

सांगून टाकावं असं फार वाटलं. हाडोळ्याचं. जिभेवर आलं होतं. त्याऐवजी चहा केला.

३ डिसेंबर, रविवार



आज मी लवकर गेलो, उजाडतानाच. डि. पहिल्या फेरीला निघायच्या आत मैदान साफ करावं म्हणून. गिधाडं मेलेल्या ढोरांच्या कडेला बसलेली, काल रात्री तिथेच राहिलेली, पोटं भरून जड. हलत नव्हती. मी डबा बडवला, ओरडलो, धावून गेलो. तेव्हा ती पळत पळत कशीबशी उठली. सगळी एकदम. त्याच वेळी विमान पट्टीवरून सुटलं होतं.

एक समोरच्या काचेवर आदळलं. विमान उसात पडलं. ऊस होता म्हणून वाचला. औषधाची टाकी फुटली नाही.

किसन माझ्या आधी पोचला. त्याने आणि मी डि.ला बाहेर काढलं. डोळ्यातून रक्त, खांदा लोंबता. तो काहीतरी कोकणीत म्हणत होता. जीपने नगरला नेलं.

डबा अजून पट्टीवर पडला असेल.

४ डिसें.

कुणी काही विचारलं नाही. सगळे म्हणतात, पक्षी आडवा आला. शेतकी अधिकारी म्हणाले, मास्तर, तुम्ही बिचारे रोज हाकलत होतात. मी मान हलवली. दिवसभर दार लावून बसलो.

६ डिसें.

राहुरीहून एस.टी.ने नगर. दवाखान्यात डि. कॉटवर. डाव्या डोळ्याला पट्टी, गळ्याचं हाड मोडलेलं. डोळ्याचं डॉक्टर आठवड्याने सांगणार.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मास्टर, एक कळत नाही. सकाळी ती बसून असतात. पोट भरलं की उठत नाहीत. मी रोज त्यांच्या शेजारून चढायचो. रविवारी कशी उठली?"

"मी उठवली."

तो एका डोळ्याने बघत राहिला. मग मी सगळं सांगितलं. डबा, हाडोळा, तीनदा खोडलेला शब्द. आयुष्यात पहिल्यांदा बसून बोललो.

मग म्हणाला, "म्हणजे मी कत्तलखान्यात विमान उतरवत होतो आणि बाहेर पाटी नव्हती."

"नव्हती."

"भाषण तरी चांगलं झालं होतं का?"

"फार टाळ्या पडल्या."

हसला आणि खांदा दुखून कळवळला. निघताना हात धरला नाही. फक्त म्हणाला, "सोमवारी दुसरं विमान येतंय. पिंटोला पाठवताहेत. गेल्या वर्षी लग्न झालंय त्याचं. त्याला पाटी दाखवा."

एस.टी.त खिडकीशी बसलो. शेजारची जागा नागापूरपर्यंत रिकामी.

७ डिसें.

कारखान्यात जाऊन सांगितलं. दोन्ही गोष्टी. अधिकारी ऐकून म्हणाले, आता पट्टी हलवता येणार नाही, वर कळवतो. पिंटोलाही कळवतील. पण सोमवारी ऊस फवारायचाच आहे, अर्धा पिवळा पडलाय. ढोरं हलली तर प्रश्न मिटेल.

ढोरं हलली तर.

९ डिसें.

गावच्या चावडीवर गेलो. आपण होऊन तिथे गेल्याला पंधरा वर्षं झाली असतील. पाटील, सोसायटीचे लोक, छावणीतले शेतकरी, मागे आमची काही माणसं. दोन मिनिटं बोललो, त्याहून कमी असेल.

म्हणालो, त्या जागेला हाडोळा म्हणतात, ते तुम्हीही लपवलं, मीही लपवलं, आणि एका माणसाचा डोळा जातो आहे. सोमवारी दुसरा माणूस येतोय. ट्रॅक्टर आहे. दोर बांधायचा आहे. मागच्या एका पायाला मी बांधीन. दुसऱ्या पायाला गावातल्या माणसाने बांधायचा. हजेरी नको, मोबदला नको. एकट्याने मी बांधणार नाही, आणि आमच्या वस्तीतलं कुणी बांधणार नाही.

पाटील म्हणाले, "मास्तर, विचार करू." मागून कुणीतरी, "आज गाडी लई लवकर थांबली."

वस्तीत आल्यावर किसन आडवा आला. डोळे लाल.

"शपथ तुमी घालायची आन मोडायची बी तुमीच? मी मागितलं तवा न्हाई म्हनालात."

"तू एकट्याने ओढणार होतास."

"आन तुमी कुनासंगं वढनार? येनार हाय का कोन?"

हौसाबाई दारात होती. आज टोचलं नाही. कोरड्यास ठेवून गेली.

माझं बरोबर आहे का? पूर्वी हा प्रश्न मला भाषण संपल्यावर कधी पडला नाही.

११ डिसें., सोमवार

हे पट्टीच्या टोकाला बसून लिहितो आहे. वही गुडघ्यावर. सूर्य कासराभर वर आला. चार ढोरं आहेत, सर्वांत जवळची एक तांबडी गाय. ट्रॅक्टर आला आहे, ड्रायव्हर इंजिन बंद करून बिडी ओढतोय. गिधाडं ढोरांच्या कडेला बसली आहेत, मी आज त्यांना काही बोललो नाही.

किसन आला. बोलत नाही, वीसेक पावलांवर उभा आहे. मी म्हटलं, तू हात लावायचा नाहीस. म्हणाला, "लावत न्हाई. बघाया आलोय."

गावाच्या वाटेवर अजून कुणी नाही. पाथर्डीचा म्हातारा छावणीच्या कुंपणापर्यंत आला, उभा राहिला, पुन्हा आत गेला. मग परत बाहेर आला. आता कुंपणाला धरून उभा आहे.

दोराला दोन फास केले. एक माझ्या हातात आहे. दुसरा गाईच्या पायाशेजारी मातीत मोकळा ठेवला आहे.

किसन वर बघतो आहे. पश्चिमेकडून विमानाचा आवाज येतो आहे. वही मिटतो.