दुर्बिणीआधीचा फराळ

३ जून, सकाळी ६.१०
आज पुन्हा रक्त. थोडंच. उष्णतेचं आहे. छत्तीस वर्षं शाळा चालवली, एक पोट चालवता येणार नाही? संकल्प: मिरची बंद, सब्जा सुरू. हिला पत्ता लागू द्यायचा नाही. बायकोमाणूस, घाबरते.

७ जून
मिरची बंदच होती. पण काल शेजारच्या बिभीषणकडे हुलग्याचे झणझणीत शेंगोळे होते, नाही म्हणणं बरं दिसत नाही. रक्त आहेच. रंग मात्र चांगला आहे.

१२ जून
इथल्या, कोल्हारच्याच डॉक्टरांना दाखवलं. मूळव्याध आहे असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, आतून दुर्बिणीने बघावं लागेल. माझे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले हे उगाच बोललो. त्यांचा चेहराच उतरला.
इथे जवळपास नको, अर्धा दवाखाना ओळखीचा. नगरला जाईन. (आता अहिल्यानगर, पण कंडक्टरला नगरच सांगावं लागतं.) तिथे मला कुत्रंही ओळखत नाही. हिला पेन्शनचं काम सांगितलं.

१८ जून
२६ तारीख मिळाली. व्हॉट्सॲपवर सूचना आल्या. आदल्या दिवशी फक्त पाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. संध्याकाळी जुलाबाची पावडर दोन लिटर पाण्यातून. नळी बोटाएवढी, टोकाला कॅमेरा. भूल नाही. दहा मिनिटं. मी प्रार्थनेला पोरं वीस मिनिटं उभी करायचो!

२५ जून, दुपारी १
उपाशी राहणं मला कोणी शिकवू नये. बत्तीस वर्षं चतुर्थी करतोय. सूचनांत फराळाचं नावच नाही, म्हणजे लिहिणाऱ्याने जन्मात उपास केलेला नाही. सकाळी नारळपाणी. मग वाटीभर साबुदाण्याची खिचडी. मग भगर आणि दाण्याची आमटी. आमटी पातळच असते. आज कसला उपास, असं हिने विचारलं. नवस आहे म्हणालो.

सायंकाळी ७.४०
पावडर घेतली. फराळ हलका होता म्हणून एकच लिटर. अजून काही नाही. माझा कोठा पहिल्यापासून दणकट.

७.५२
लिहिणं थांबवतो.

२६ जून
मागून उघडा गाऊन. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, गुरुजी, वळखलं का? मी मोनिका, सातवी ब. पाया पडली. आशीर्वाद भिंतीकडे बघून दिला.
आधी डॉक्टरांचं बोट, गार जेल. मग नळी. दुखलं असं नाही. आत हवा सोडतात, मुरडा येतो. वारा सरला तर लाजू नका, असं मोनिका म्हणाली. सातवीत तिला शिस्त मीच लावली होती!
स्क्रीनवर साबुदाणे. स्वच्छ दिसत होते, एकेक. डॉक्टरांनी हे काय म्हणून विचारलं. फराळ, मी म्हणालो. नळी बाहेर. म्हणाले, कडेला काहीतरी आहे, पण या घाणीत बघता येत नाही. पुढच्या गुरुवारी रिकाम्या पोटाने या, आणि येताना घरचं माणूस आणा.
चूक सगळी सूचना लिहिणाऱ्याची. एसटीत कोल्हारपर्यंत संताप संताप झाला. कडेला काय आहे ते मात्र सांगत नाहीत.

३० जून
हिला सांगणं भाग आहे. भाषण तयार केलं, तीन मुद्दे, शांत आवाज, 'कॅन्सर' शब्द टाळायचा. चहाच्या वेळी सुरुवात केली. पहिल्याच मुद्द्याला घसा बसला. हवा बदलली आहे. शेवटी नुसतं म्हणालो, गुरुवारी नगरला माझ्याबरोबर चल. कशाला, असं तिने विचारलंसुद्धा नाही.

३ जुलै
काल दिवसभर ही समोर बसून होती. पावडरचे दोन्ही लिटर पाजले. शेंगदाणासुद्धा मिळाला नाही.
आज स्वच्छ दिसलं. बोराएवढी गाठ. तुकडा काढला. नंतर हिला आत बोलावून डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून? महिना झाला, मी म्हणालो. चैत्रापासून, ही म्हणाली. ह्यांचं धुनं मीच धुते, साहेब. रोज वाटायचं आज सांगतील. लई भ्यालेलं मानूस, त्याला आनखी काय इचारायचं?
मोनिका खाली बघत होती.
बाहेर बाकावर बसलो. रिपोर्ट आठ दिवसांनी. मला भीती वाटते, असं हिला म्हणालो. एवढंच, मुद्दे वगैरे नाही.
ते बी ठाऊक हाय, म्हणाली.