पायलच्या नावावर

५ जानेवारी, रुआबांधा

पोचले एकदाची! मस्कतहून मुंबई, मुंबईहून रायपूर, आणि तिथून सासऱ्यांनी ओळखीतून आणलेल्या गाडीने थेट घरी. बाबा, म्हणजे सासरे, स्टील प्लांटमधून रिटायर झालेत, पण वाटेतला प्रत्येक माणूस अजून त्यांना हात करतो. लग्नाला सहा वर्षं झाली तरी या घरात मी चार दिवसांच्या वर कधी राहिले नव्हते. आता महिनाभर मुक्काम. पित्ताशयातले खडे काढून घ्यायचे आणि परत. मस्कतच्या कंपनीच्या विम्यात ऑपरेशनचा मोठा वाटा आपल्याच खिशातून जातो, म्हणून माझा नवरा नरेश म्हणाला, इथली पॉलिसी वापर. लग्नापासून तो तिचे हप्ते भरतोय, वापरली एकदाही नाही. कार्ड, माझं आधार, सगळं इथेच सासूबाईंच्या कपाटात असतं.

सासूबाईंनी, म्हणजे भीमाबाईंनी, मागची खोली झाडूनपुसून ठेवलीय. खिडकीतून पेरूचं झाड दिसतं. जेवण मात्र अळणी, आणि पाणी मागितलं तर अर्धाच पेला. असेल या घरची रीत, म्हणून मी हसले.

९ जानेवारी

विमावाल्यांनी मंजुरी नाकारली. कारण काय, तर मूत्रपिंडाचा जुना आजार मी लपवला! माझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, हे मी घसा कोरडा होईतो सांगितलं. फोनवरची मुलगी दर वेळी एकच म्हणे, "मॅडम, रेकॉर्ड में है." गेलं वर्षभर मी मस्कतमध्ये होते, पासपोर्टवर शिक्के आहेत. शिक्के पाठवा म्हणाली, पाठवले. मग दुसऱ्याने पहिल्यापासून सगळं मागितलं. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, तर त्याचाही क्लेम नाकारतील.

११ जानेवारी

उलगडा झाला. पंचफुला ही बाबांच्या बहिणीची मुलगी, गोंदियाकडच्या गावातली, नवऱ्याने टाकलेली. तिची मूत्रपिंडं गेली, तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिला इथे आणलं आणि माझं कार्ड, माझं आधार देऊन डायलिसिसला बसवलं. चेहराही थोडा जुळत होता म्हणे. मी संतापले, तर आईच चकित. "कार्ड असंच पडून होतं माय. तू तिकडे, तुले काय कामाचं? मंग त्या पोरीले मरू द्याचं का?"

दवाखान्यात घोटाळा नको म्हणून घरातही सगळे तिला माझ्याच नावाने, पायल, म्हणत. आधी ती ओ द्यायची नाही, मग सवय झाली. शेवटी शेवटी खऱ्या नावाने हाक मारली तर मान वळवायची नाही. अळणी जेवण आणि अर्धा पेला पाणी हे तिचंच पथ्य होतं. दिवाळीनंतर गेली. याच खोलीत, याच पलंगावर. हे मला पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? राग येतो, आणि तिच्यासाठी रडूही येतं.

१४ जानेवारी

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, पायल! मी तोंड उघडण्याआधी मागच्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, "हो जी."

खोलीत कोणी नव्हतं. बाबांना सांगितलं तर चिडले. आपण बौद्ध माणसं, भूतखेत मानत नाही. "दुखण्यानं डोकं फिरून राहिलं तुयं," म्हणाले. खरं तर मीही मानत नाही.

१७ जानेवारी

विमा कंपनीचा तपासनीस घरी येणार. ती आजारी बाई मी नव्हे अशी त्याची खात्री पटली तरच मंजुरी. डॉक्टर म्हणतात, पित्ताशय सुजलंय, दिवस घालवू नका. आईंना म्हटलं, त्याला खरं सांगून टाका. त्या रडायलाच लागल्या. बाबांवर केस होईल, नरेशची बदनामी होईल. आणि माझं काय? या घरात माझं नाव सगळ्यांच्या उपयोगाचं, फक्त माझ्याच नाही.

१९ जानेवारी

डावा हात. मनगटाच्या वर कातडीखाली काहीतरी भुणभुणतंय. बोट ठेवलं की कळतं. डायलिसिससाठी हातातली नस धमनीला जोडतात, ती अशीच भुणभुणते, हे आईंनीच सांगितलं होतं. आज माझा हात चाचपला आणि त्या मागे सरकल्या.

दुपारी त्यांच्या तोंडून निघून गेलं— पंचफुला! मी ओ दिली. का दिली?

२१ जानेवारी

नरेशचा व्हिडिओ कॉल. फोन माझ्या हातात, पण तो माझ्या खांद्यावरून मागे बघून बोलत होता. हसत होता. म्हणाला, आज किती बरी दिसतेस—

मी मागे वळले नाही. हिंमत झाली नाही.

२२ जानेवारी

पाय सुजलेत. तोंडात कडवट चव. पाणी मागितलं. अर्धाच पेला. नरेशला फोन लावते तर एंगेज. कोणाशी बोलतोय—

२३ जानेवारी

तपासनीस आलाय. बाहेरच्या खोलीत बसलाय. मला उठवत नाही. आईंनी हाक मारली, पायल, ये बाई—

"हो जी."

ती गेली. माझा हिरवा ड्रेस घालून. दार अर्धं उघडं आहे, सगळं ऐकू येतंय. त्याने जन्मतारीख विचारली, तिने बरोबर सांगितली. पासपोर्ट दाखवला. दोन्ही हात पुढे केले. तो म्हणतोय, कुठे डायलिसिसची काही खूण नाही. मंजुरी देऊन टाकतो.

आई तरी ओळखतील. मी ओरडतेय. आवाज फुटत नाही, नुसतं कण्हणं—

तो विचारतोय, आत कोण आहे. आई दाराशी आल्यात. आई, सांगा ना. आता तरी सांगा—

"कोनी नाही जी. आमची पंचफुला होती, ते तं दिवाळीनंतरच—"

दार लावून घेताय— आई, मी इथे—