ग्राँ बे बेटावरचे सहा तास

हॅरो,
२४ सप्टेंबर २००६

प्रिय अरुणा,

ब्रिटनीहून आम्ही परवा परतलो. देविकाने तुला फोनवर सगळं सांगितलं असेलच, पण तिच्या सांगण्यात मी फारच वेंधळा दिसतो, म्हणून माझ्याकडूनही ऐक. तसा मी वेंधळाच ठरलो म्हणा.

पोर्टस्मथहून बोटीने फ्रान्सला, सँ मालोला उतरलो, तेव्हा खिशात नेहमीसारखं टाइमटेबल होतं. नऊला तटबंदी, दहाला ग्राँ बे बेट, बाराला कांकाल, तीनला दिनान. तटबंदी काय सुंदर आहे, गं! गावाभोवती ग्रॅनाइटची रुंद भिंत, तिच्यावरून चालायचं, एका बाजूला लोकांच्या खिडक्या आणि दुसरीकडे थेट खाली समुद्र. देविका दर वळणाला थांबत होती आणि मी तिला घड्याळ दाखवत होतो.

ग्राँ बे अगदी किनाऱ्यालगत आहे. ओहोटीला वाळूतली फरसबंद वाट उघडी पडते आणि बेटावर चालत जाता येतं. वाटेच्या तोंडाशी भरतीच्या वेळांचा फलक होता. देविका तो वाचायला थांबली, तर मी म्हणालो, वेळा मी बोटीवरच पाहून ठेवल्यात, चल. पाहिल्या होत्या खऱ्या, पण माझं घड्याळ इंग्लंडच्याच वेळेवर राहिलं होतं. एक तास मागे. परत फिरलो तेव्हा वाटेवर गुडघाभर पाणी. मी बूट काढून निघालोच होतो, देविकाने बाही धरून ठेवली. दहा मिनिटांत वाट दिसेनाशी झाली.

पहिला तास मी कुरकुरत काढला. त्या फलकावर, फ्रेंच लोकांवर, सगळ्यांवर. मग ईलिंग रोडवरून आणलेल्या चिवड्याचं पाकीट फोडून आम्ही गवतावर बसलो. प्रवासात तू नेहमी लवकर थकायचीस, असं मी म्हणालो, तर देविका म्हणाली, "बाबा, आई थकला नव्हता. तू थांबत नव्हतास." तिचं मराठी तुला माहीतच आहे. मी विचारलं, कधी? तर म्हणे, "ऑलवेज. स्कॉटलंडमध्ये आई म्हणाली, पाच मिनिट इथे बसू. तू कार स्टार्ट केली."

एरवी मी उत्तर देऊन उठलो असतो. तिथे उठून जाणार कुठे? म्हणून ऐकत राहिलो. तिने संडरलंडचं काढलं. मी तिकडे, पार उत्तरेत, पोस्ट घेतली आणि तुला जेवताना नुसतं कळवलं. तुला स्लाऊच्या लायब्ररीत नुकतं कुठे काम मिळालं होतं, ते सोडावं लागणार होतं. आठ वर्षांची देविका तेव्हा जिन्यात बसून ऐकत होती म्हणे. अरुणा, त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस, असं मी इतकी वर्षं समजत आलो. देविका म्हणते, तू बोलली होतीस. दोनदा.

पाणी ओसरायला जवळजवळ सहा तास लागले. कांकाल राहिलं, दिनानही राहिलं. पुढच्या तीन दिवसांत आम्ही दोनच ठिकाणं पाहिली, तीही देविका म्हणेल ती. एक, काप फ्रेहेलचा दीपस्तंभ. तिथल्या कड्यावर जांभळं हेदर फुललं होतं. आणि प्लूमानाकचे गुलाबी खडक, एकेक घराएवढा. संध्याकाळच्या उन्हात ते रंग बदलत गेले, तेवढा सगळा वेळ आम्ही तिथेच होतो. बंदरावर एका म्हाताऱ्या बाईंनी बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं, चीज घातलेलं घावन करून दिलं. अगदी आपल्या घावनासारखं जाळीदार. तुला आवडलं असतं.

तू वेम्बलीला राहायला गेलीस त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. इतक्या वेळा फोन केला, पण हे काही सांगता आलं नाही. देविका म्हणाली, "बाबा, फोन नको, लेटर लिही. फोनवर तू आईचा वाक्य पुरा होऊ देत नाही." म्हणून हे पत्र. हॅरोला परत ये असं मी म्हणत नाही. तो निर्णय तुझा, आणि तू घेतलेला आहेस. मे महिन्यात ब्रिटनीला येशील का, एवढंच विचारतो. खोल्या दोन घेऊ. कुठे जायचं, कुठे किती वेळ बसायचं, ते तू ठरव. माझ्याऐवजी तुझ्या मैत्रिणीबरोबर, मंजिरीबरोबर जायचं असेल, तर तुम्हा दोघींना पोर्टस्मथपर्यंत सोडेन आणि परत येईन. विचार करायला हवा तेवढा वेळ घे. आणि नाही म्हणायचं असेल तर तेही भेटून, सगळं, शेवटपर्यंत म्हण. मी मध्ये बोलणार नाही.

तुला चालणार असेल तर तुझाच,
कमलाकर