गाडीतळावरचे सात लिंब

पिंपळवेढे, जि. अहमदनगर
रविवार, ता. १३ जानेवारी १९७४

चि. मच्छिंद्र यास,

आसारामचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, तुझी खुशाली कळवत जावी. दर पत्रात हेच लिहितो, म्हणून हात आपोआप तिकडेच गेला.

तुझं नाताळच्या आधी टाकलेलं पत्र परवा मिळालं. निळ्या हवाई पत्रात माझं म्हणणं मावणार नाही, म्हणून या खेपेला पाकीट केलंय. आत एक नकाशा आहे. तो आधी उघडू नकोस, पत्र वाचून झाल्यावर उघड.

थंडी चांगली पडलीय. पाऊस झाल्यामुळे खालच्या रानातली ज्वारी हुरड्यात आली आहे. दोन वर्षं नुसती ढेकळं बघितल्यावर आता बांधावर उभं राहिलं की बरं वाटतं. आज भोगी. उद्या संक्रांत, पण आपल्या घरात यंदा सण नाही. आईनं सुगडं आणली नाहीत. शेजारच्या रंगुबाईंनी भाकरी आणि भोगीची भाजी झाकून आणून दिली, तीच खाल्ली.

तुमच्या त्या ओहायोत पेट्रोलसाठी रांगा लागतात हे वाचून गंमत वाटली. इकडे आम्ही रॉकेलसाठी उभे, तिकडे तुम्ही पेट्रोलसाठी. पुढचं मात्र गमतीचं वाटलं नाही. शहराच्या ऐन मध्यावरची घरं, दुकानं आणि एक जुनं थेटर पाडून मोटारी उभ्या करायला पटांगणं केली आणि आता ती निम्मी रिकामीच असतात, असं तू लिहिलंस. संध्याकाळी कचेरीतून पायी निघालास तर अर्धा मैल एक माणूस भेटत नाही म्हणे. वाचून वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. हेच शहाणपण तू वर्षभरापूर्वी लिहायचं होतंस, मच्छिंद्र.

तू पहिल्यांदा लिहिलं होतंस की रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब असतात, मोटार उभी करायची तर त्यात नाणं टाकावं लागतं. ते पत्र आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते किती हसले होते! "नुसतं हुबं ऱ्हायाचं बी पैसं? मंग आपला सूर्यभान पारावर दिसभर हुबा आसतो, त्येचं किती झालं?" पुढचे आठ दिवस सूर्यभान दिसला की आबा त्याच्याकडे हात पसरायचे. आणि तू चौकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी मोजतोस हे कळल्यावर म्हणाले, "एवढं शिकून मेंढरं मोजाय लागला व्हय?" पण हे म्हणताना तोंडभर कौतुक असायचं. गावात कुणाला ते सांगितलं नाही असं नाही.

तू लिहितोस, आबांचा अंगठा हल्ली स्वच्छ उठतो, म्हणजे तब्येत सुधारलेली दिसते. त्याबद्दल पुढे लिहितो.

तू दोन गोष्टी मागितल्यास. एक, आपल्या नव्या गाडीतळाचा फोटो, त्यात चुन्याच्या रेघांमध्ये आपली गाडी आणि गाडीवर आबा. तुझ्या कचेरीत तू त्यावर भाषण करणार आहेस. दुसरी, नदीपलीकडच्या लोणगावच्या जागेची मापं. पंचायत समितीच्या सभापतींनी तुला परस्पर पत्र टाकलं, तसाच आदर्श गाडीतळ लोणगावला हवा म्हणून, आणि तू महिन्याभरात नकाशा करून देतो म्हणालास. त्यांनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं. फाल्गुनात काम सुरू करायचं त्यांच्या मनात आहे.

तो नकाशा पाठवू नकोस. टाकलाच असशील तर सभापतींना तार कर, की चूक आहे, थांबा.

का, ते सांगायलाच आज बसलोय, आणि मघापासून हुरडा आणि रॉकेल सांगतोय.

आपला गाडीतळ आठव. तू लहानपणी तिथंच असायचास. बुधवारच्या बाजाराला दोनशे-अडीचशे गाड्या यायच्या. ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो गाडी सोडायचा, एकीचं तोंड वेशीकडे, तर दुसरीचं ओढ्याकडे. बैल सात कडुलिंबांच्या सावलीला बांधलेले असायचे. मधे दगडी हाळ, जनावरांना प्यायला कायम भरलेला. बघणाऱ्याला वाटायचं सगळा गोंधळ आहे, पण आपली गाडी कशी काढायची ते प्रत्येकाला माहीत असायचं. एस.टी. बसला मात्र वळायला जागा राहायची नाही, अर्धा-अर्धा तास अडकून पडायची. म्हणून मीच सरपंचांना सांगितलं, माझा भाऊ अमेरिकेत हेच काम करतो, त्याच्याकडून नकाशा मागवू. त्या साली पाऊस नव्हता, दुष्काळी कामं काढायचीच होती. हे एक बरं झालं असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

मी फीत धरून जागेच्या चारी बाजू मोजल्या आणि तुला पाठवल्या. पाच वर्षं ओव्हरसीअर म्हणून नोकरी करत असलेला माणूस मी. झाडं दाखवली नाहीत, हाळ दाखवला नाही. का नाही दाखवला? मला वाटलं, मच्छिंद्रला काय सांगायचं, तो त्या लिंबांवर चढून मोठा झालाय. आणि तुला वाटलं असेल की झाडं दाखवलेली नाहीत त्या अर्थी आता नसतील. तू मला विचारलं नाहीस, मी तुला सांगितलं नाही.

नकाशा आला. काय देखणा होता! तिरप्या रेघांच्या ओळी, आत यायचं एक दार, बाहेर जायचं दुसरं, जागोजाग बाण. प्रत्येक गाडीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि निघताना मागं सरून निघायचं. आबांनी तो कागद धोतराला हात पुसून मग हातात घेतला. पारावर नेऊन सगळ्यांना दाखवला. घरी आल्यावर मात्र मला हळूच म्हणाले, "आसाराम, गाडी हुबी ऱ्हाईल रं. पर बैल कुटं बसायचा? आन् बैल काय मागं सरत आसतो व्हय?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "आसंल कायतरी इचार. पोरानं काढलंय म्हंजे उगं न्हाई काढलं."

सत्तर वर्षं बैलांमागं चाललेला माणूस तुझ्या कागदापुढं गप्प बसला. मीही त्यांना बोला म्हटलं नाही.

लिंब पाडले. सातही. कागदावर झाड नव्हतं आणि कागद अमेरिकेहून आला होता, तेव्हा कुणी विचारलंच नाही. हाळ फोडला, त्याचे दगड भिंतीला लावले. भिंत तू एक फुटी दाखवली होतीस, चाकं अडण्यापुरती. जनावर ओलांडून जाईल म्हणून मी ती छातीएवढी बांधली. हे तुझ्या नकाशात नव्हतं. हे माझं.

शिवरात्रीच्या आधीच्या बुधवारी गाडीतळ सुरू झाला. पहिली गाडी आबांची. मी चुन्याच्या दोन रेघांमध्ये उभी करून घेतली, हार घातला, नारळ फोडला. त्या दिवशीचं सगळं मी तुला लिहिलंच होतं. पुढचं लिहिलं नाही. बैल बांधायला जागा नव्हती म्हणून लोक ते चाकालाच बांधत. सावली नाही, पाणी नाही. निघताना गाडीवानानं बैल सोडलेल्या गाडीच्या पुढं, भिंतीच्या बाजूनं शिरायचं, जुवाला छाती लावून गाडी हातानं मागं रेटायची आणि मग बैल जुंपायचे. दर बुधवारी भांडणं. मी म्हणायचो, सवय होईल.

पाडव्यानंतरचा दुसरा बुधवार, ता. १८ एप्रिल. ऊन तर तुला सांगायला नको. दुपारी तीनच्या सुमाराला सरकारी पाण्याचा टँकर आला आणि गर्दी बघून बाहेर जायच्या दारानं आत घुसला. सकाळपासून जनावरांना पाणी नव्हतं. आपल्या गाडीच्या मागं एक जुंपलेली गाडी उभी होती. तिच्या बैलांना पाण्याचा वास आला आणि ते उधळले. आबा तेव्हा भिंत आणि जू यांच्या मधे उभे राहून आपली गाडी मागं रेटत होते. मागच्या गाडीनं धडक दिली आणि आपली गाडी पुढं गेली.

मी वीस पावलांवर होतो. गाडी मागं ओढायला सहा माणसं लागली. दवाखान्याची जीप आली, पण दारात टँकर अडकलेला आणि त्याच्यामागं गाड्या. आबांना हातावर उचलून शाळेच्या ओसरीत नेलं. सूर्य मावळायच्या आत गेले.

लिहिलं एकदाचं. नऊ महिने हे एवढं वाक्य लिहायचं होतं.

शुद्ध शेवटपर्यंत होती. माझा हात धरून म्हणाले, "मच्छिंद्रला कळवू नगंस. कागदाची चूक न्हाई. बैलं तान्हेली हुती." पंचनाम्यात मी तेच लिहून दिलं, बैल उधळल्यानं अपघात. खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि त्या अपुऱ्या कागदाच्या जोरावरच आज सभापती लोणगावला दुसरा गाडीतळ बांधायला निघालेत.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. भिमाजीमामा म्हणाले, विचार कर, काय राहिलंय. शेती नीट करीन म्हणालो, आईला सांभाळीन म्हणालो, तरी नाही. मग मोठ्यानं म्हणालो, "आबा, मी मच्छिंद्रला कळवणार न्हाई." आणि कावळा उतरला. भावकीतल्या पन्नास माणसांनी बघितलं. त्यानंतर मी तुला लिहिणार तरी कसा?

तेव्हापासून तुला चार पत्रं पाठवली. चारही पत्रांत ‘आबा ठीक आहेत, तुला आशीर्वाद सांगतात’ असं लिहिलं, आणि खाली त्यांचा अंगठा म्हणून माझा उमटवला. आबांच्या अंगठ्यावर विळ्यानं कापल्याचा वण होता, शाई तिथं तुटायची. माझ्या अंगठ्याला काहीच लागलेलं नाही, म्हणून तो स्वच्छ उठतो. तू त्यावरून तब्येत सुधारली असं लिहिलंस ते वाचून मी ते पत्र आईला पूर्ण वाचून दाखवू शकलो नाही.

पण आईनं ओळखलं. बाकीचंही काढून घेतलं, लोणगावचं, फोटोचं. मी कावळ्याची आठवण दिली तर भडकली. "कावळ्याला काय कळतंय अमेरिकेचं? त्यो बापासाठी रडला न्हाई अजून. आन् लोणगावच्या बायांनी तुमचं काय वाईट केलंय? लिव्ह." तिची बांगडी गेली, कपाळ गेलं, आणि तुला आम्ही हसता-खेळता बाप दाखवत राहिलो. तुझा राग येईल तो माझ्यावर काढ. मला तो चालेल. आबांना दिलेला शब्द मी मोडला आहे, तोही माझ्याच डोक्यावर राहू दे.

उद्या सकाळी सभापतींना लेखी देणार आहे, की पिंपळवेढ्यात काय झालं आणि का झालं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण माझ्या एकट्याच्या कागदाला ते विचारणार नाहीत. तुझा आला तर विचारतील, इथं तसंच चालतं. म्हणून तुझ्याकडे मागतो.

सोबतचा नकाशा लोणगावचा. काल जाऊन मोजला. अकरा झाडं आहेत, नऊ लिंब आणि दोन चिंचा. प्रत्येकाच्या बुंध्याचा घेर आणि दुपारी तीनला पडणारी सावली तुटक रेघेनं दाखवली आहे. हाळ, विहीर, पाण्याला जायची वाट, सगळं आहे. एकही गोष्ट तुला माहीत असेल म्हणून सोडलेली नाही. यावर असं काहीतरी काढ की एकाही गाडीला मागं सरावं लागू नये, एका बाजूनं शिरून सरळ दुसऱ्या बाजूनं निघता यावं. जमत नसेल तर ‘आहे तसं राहू द्या’ एवढंच लिहून सही कर.

भाषण करायचं तर कर. पण हे सांगून कर.

मरणाचं पत्र वाचून झाल्यावर घरात ठेवू नये म्हणतात. तेव्हा हे फाडून टाक. नकाशा ठेव. आणि जमेल तेव्हा डोक्यावरचे केस काढ, नदी नसली तरी चालेल.

तुझा भाऊ,
आसाराम

खाली उजवीकडचा अंगठा आईचा आहे, तिनं स्वतः उमटवलाय. डावीकडची जागा आबांची, ती कोरी ठेवली आहे.