आवक नळापाशी बसली

९ मार्च
जनावरांच्या आश्रमातून मांजर आणलं. म्हातारी, एक कान अर्धा तुटलेला. माझ्यासारखीच, कुणी नेईना. नाव ठेवलं आवक. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हापासून कचेरीत आवक-जावकाला बसले, दुसरं काय सुचणार! पलंगाखालून निघंना. बस बाई.

२१ मार्च
नळ दहा दिवसांनी आला अन् मी झोपलेली. तोटी उघडी, खाली परात, आवाजानं जाग यावी म्हणून. बहिऱ्या कानाला परात काय नि ढोल काय! सगळं पाणी रस्त्यावर. शेजारच्या शमाभाभी धावत आल्या, "काकी, असल्या दुष्काळात हे काय करून राहिल्या!" लई लाज वाटली. रडले.

२२ मार्च
नांदेडहून मिलिंदचा फोन. भाभीनंच कळवलं असणार. "आई, भीमजयंती झाली की न्यायला येतो. एकटीनं राहणं बस झालं." सूनबाईला मांजराच्या केसानं दम लागतो. म्हणजे आवक परत आश्रमात. अन् ह्यांनी बांधलेलं हे घर...

२९ मार्च
पाण्याची पाळी परवा. दुपारी आवक उठली, नळापाशी जाऊन बसली. तोटीकडं टक लावून. हाकललं, हलंना. तोटीला हात लावला तर हवा! मागून पाणी! पाईपातली हवा हिनं ऐकली? अर्ध्या कानानं? अंगावर काटा आला. बॅरल, घागरी, भगुणी, सगळं भरलं. भाभीला हाक मारली, अख्खी गल्ली पळाली.

८ एप्रिल
पुन्हा तेच! आता भाभी सकाळीच भिंतीवरून विचारतात, "काकी, आवक बैठी क्या?" मी बघतच राहते तिच्याकडं. जमिनीखालचं काय काय ऐकत असेल ही!

११ एप्रिल
मिलिंदला फोनवर सांगितलं. हसला. "मांजराच्या भरवशावर राहतीस?" म्हटलं, तुझ्या फोनच्या भरवशावर राहिले असते तर तहानेनं मेले असते. जरा जास्तच बोलले. पण बोलले.

१७, रविवार
मिलिंद आला. माझी पेटी दारात, आवकची टोपली ओट्यावर. आधी आश्रम, मग नांदेड. चहा चालू होता. आवक टोपलीतून उतरली, नळापाशी बसली.
"आई, चल. आज कुठं पाणी!"
"तोटीला हात लाव."
लावला. काढंचना. मग उकिडवा बसला, तिच्या शेजारी.
पाणी भरून तास झाला. दोघं अजून तिथंच. मिलिंद निघायचं नाव काढंना. पेटी दारात तशीच आहे.